सात सामन्यांची ज्योत्स्ना

राज्याच्या संघाकडून ज्योत्स्ना एकूण सात सामने खेळली. चौऱ्याण्णव धावा, अकरा यष्टिचीत. उदगीरमध्ये मात्र लोक तिला अजूनही 'आपली इंडियाची प्लेअर' म्हणतात, आणि खरं काय ते सांगून सांगून ती थकली आहे.

वडील आनंदराज शाळामास्तर. त्यांच्याच शाळेत निवृत्ती सर खेळ शिकवायचे. सातवीतली ज्योत्स्ना रोज मैदानाकडेला उभी दिसते म्हणून एक दिवस त्यांनी ग्लोव्हज तिच्याकडे फेकले. पोरांपैकी कुणालाच स्टंपांमागे वाकून बसायचं नव्हतं.

"सर, तोंडावर आला तर?"

"डोळे मिटू नको. मग न्हाई येत."

आठवडाभरातच तिचा ओठ फुटला. आई भामाबाईनं हळद दाबली आणि विचारलं, "उद्या जाणार हायस का?"

"हाव."

"मग नीट जेव."

नांदेडला कॉलेजात असताना तिची राज्याच्या संघात निवड झाली. दोन हंगाम तिनं नुसतं पाणी नेलं. तिसऱ्या हंगामात मुख्य यष्टिरक्षक तापानं पडली आणि ज्योत्स्ना मैदानात उतरली. फलंदाजीत चारच धावा, पण तिघींना क्रीजबाहेर पाय टाकताच टिपलं. त्यानंतर जागा तिचीच झाली.

सातव्या सामन्यात सूर मारताना गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. ऑपरेशन झालं. वर्षानं ती पळू लागली, पुन्हा निवड चाचणीला गेली. विसाव्या षटकापासून तिला वाकून बसवेना. दोन चेंडू ग्लोव्हजखालून गेले. ते तिच्याइतकं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तरी खेळ संपल्यावर ती स्वतःच निवड समितीकडे गेली. "माझं नाव धरू नका," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर पंधरा दिवस तिनं कुणाला टीव्हीवर मॅच लावू दिली नाही.

पुढं नांदेडच्या एका कॉलेजात तिला कारकुनाची नोकरी लागली. तिथंच तिनं पंचांची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. पंच म्हणून तिचा तिसराच सामना, पन्नाशीपुढच्या खेळाडूंचा. उदगीरकडून सलामीला आले निवृत्ती सर. पहिलाच चेंडू खाली राहिला आणि पॅडवर आदळला. गोलंदाज ओरडला. ज्योत्स्नानं बोट वर केलं. सर बॅट काखेत मारून चालू लागले.

चहाच्या वेळी तेच तिच्याजवळ आले.

"लेगच्या बाहेर नव्हता का गं?"

"न्हाई सर. मधल्या स्टंपसमोर होता."

सरांनी बिस्कीट चहात बुडवलं. "मलाबी तसंच वाटलं. पण लई लांबून आलो होतो मी, उदगीरहून."

दोघंही हसली. त्या दिवशी तिला बऱ्याच दिवसांनी मैदानावर हलकं वाटलं.

यंदा मुलींच्या राज्य स्पर्धेच्या पंचांमध्ये तिचं नाव आहे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी गुडघा सुजतो. ती त्यावर बर्फ ठेवते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तासभर जाऊन खेळपट्टी बघून येते.