खाप्याचा भुसा आणि मयूरीची फळी

रामटेकला जाताना टोपी न्या, असं मागच्या लेखात बजावलं होतं. तुम्ही विसरलात, एकेकाचं कपाळ पाहूनच कळलं. म्हणून या वेळी सावलीतलं ठिकाण सांगते: खाप्याची आरामशीन, म्हणजे लाकडं कापायची गिरणी. मी बोलते आणि माझी नात मयूरी लिहिते. तिला नको असेल ते ती गाळते, तेव्हा जरा अंदाजाने वाचा.

जायचं कारण असं. मयूरी झाडांच्या साली बारीक करते, त्यात गोंद कालवते आणि गरम यंत्राखाली दाबून त्यांच्या फळ्या करते. कपाटवाल्याने तिला सांगितलं, न वाकणारी फळी आण, नाहीतर आपला राम राम. नुसत्या सालीची फळी वाकते. तिच्यात लाकूडही पडावं लागतं, आणि लाकडाचा भुसा खाप्याला.

प्रताप नगरातून रिक्षाने स्टँड, तिथून एसटी. माझं तिकीट फुकट, मयूरीचं अर्धं. इतक्या स्वस्तात देवदर्शनही होत नाही. निघण्याआधी पोहे खा आणि तर्री स्वतः मागा, कोणी आपणहून वाढत नाही. पाटणसावंगीनंतर खिडकी मिळते. पुढे संत्र्यांच्या बागा फार छान आहेत म्हणे. मी झोपले होते.

आरामशीनवर मालक सुधाकरभाऊ फोनवर होते. खुर्ची एकच, तिच्यावर तेच. मयूरीने नमुन्याची फळी दोन ओंडक्यांवर ठेवली होती. मी तिच्यावर बसले. फळी मोडली. मी काही फार जड नाही.

"आजी, नातीचा धंदाच मोडला वं!" भुशाचं पोतं भरणारी एक बाई हसली. ती कमलाबाई. मागच्या वस्तीतल्या बायका दर शनिवारी इथला भुसा शेगडीसाठी नेतात. त्यांच्या सासवाही न्यायच्या.

सुधाकरभाऊंनी फोन ठेवला आणि मयूरीला भुसा हवा आहे, हे ऐकून घेतलं. "सगळा भुसा तूच ने बेटा. बायकांले मी सांगतो."

"आन् आमी काय पेटवावं गा?" कमलाबाईने विचारलं.

"सिलिंडर आहे ना तुझ्या घरी?"

"आहे ना. पाहुणे आले का पेटवतो."

मी मयूरीच्या कानात म्हटलं, "हो म्हण वं. काहून थांबून राहिली?"

"आजी, यांची शेगडी विझवून मी फळी करू?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग भाऊंना म्हणाली, "राहू द्या भाऊ." मी पुन्हा बसले. या वेळी जमिनीवर.

कमलाबाईने आम्हाला घरी जेवायला नेलं. आम्ही पाहुणे होतो, तरी सिलिंडर पेटवला नाही. हे मी लक्षात ठेवलं आहे. तिने भुशातून लाकूड तासताना निघालेले रंध्याचे लांब छिलके निवडून अंगणात फेकले. तिथे ढीगच होता. मग शेगडीत मधोमध बाटली उभी केली, भोवती भुसा दाबून भरला, बाटली अलगद काढली आणि त्या पोकळीत जाळ करून वर वांगं ठेवलं.

भरीत वाढल्यावर मयूरी ताटावरून उठली. "मावशी, ते छिलके काहून फेकता?"

"भडकते ना पोरी. दाबून बसतच नाही. त्याचं का लोणचं घालू?"

"मले द्याल?"

"ने ना. अंगणही झाडून जाय, माझं काम वाचते."

साल आणि छिलके मिळून दाबलेली नवी फळी कपाटवाल्याने घेतली. आधी तो स्वतः तिच्यावर उभा राहिला. मला कोणी विचारलं नाही. फळी काळपट दिसते. गिऱ्हाइकाला तो अक्रोडी रंग म्हणून सांगतो.

घरी आल्यावर मनात काय राहिलं, ते शेवटी लिहावं लागतं म्हणे. वांगं राहिलं. मयूरीने माझं ऐकलं असतं, तर त्याच्याखाली काही पेटलंच नसतं.

आता दर शनिवारी छिलके आणायला तिची भाड्याची गाडी खाप्याला जाते, आणि जाताना मी सोडले तर रिकामी जाते. तुम्ही वांगी पाठवा. मोठी, भरताची, देठासकट. देठ नसला की कमलाबाईला उलटता येत नाही आणि ती मला बोलते. दोन जास्त पाठवा, तिच्या घरीही माणसं जेवतात.