रिकामा हात

धानोऱ्याचा लोटन सुरतेच्या कॉलेजात निघाला, तेव्हा अर्धं गाव त्याला आगगाडीपर्यंत पोचवायला गेलं होतं. तोच लोटन रसायनात नापास होऊन उन्हाळ्यात परत आला. फेरपरीक्षेतही अडकला, तर औत धरायचं, हे त्याला न सांगता कळत होतं.

अडला होता एकाच जागी. रेणूतल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनांकडून एकेक जण सुटून जातो आणि मग ते कार्बन एकमेकांना दुहेरी धरतात. कधी सुटणारे दोघं एकदम जातात, कधी एक आधी, दुसरा मागून. पाठ होतं सगळं, पण डोळ्यांपुढे येत नव्हतं.

ओट्यावरच्या धुळीत त्यानं दोन ठिपके काढले, प्रत्येकाला चार हात. थोरला भाऊ उखा पोराला खांद्यावर घेऊन बघत होता. म्हणाला, "आपला लोटन सुरतले जाईसन हात मोजाले शिकना."

पोरीला मांडीवर थोपटणारी रुखमा वहिनी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "ज्याना पहिले गया, त्याना हात रिकामाच ऱ्हास का, भाऊ?"

लोटननं धूळ पुसून टाकली.

त्याच उन्हाळ्यात गावात पटकी शिरली. आधी उखाचा पोरगा गेला. शेजाऱ्यांनी दुखवट्याचा कडू घास आणला, पण उखानं हात पुढे केला नाही. उजवा हात मांडीवर उताणा टाकून तो भिंतीशी बसून राहिला. आई समजावून थकली. मग पोरगीही गेली.

त्या घरात थोरांसमोर नवराबायको एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. पण पोरीला माती देऊन माणसं परतली, आणि रुखमा सरळ सासऱ्यासमोरून चालत गेली, उखाजवळ बसली, त्याचा तो उताणा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. सासूनं नुसता पदर डोळ्यांना लावला.

दाराशी उभ्या लोटनला सगळं दिसलं. आणि त्याच क्षणी धुळीतले ते दोन ठिपकेही कळले, याची त्याला फार लाज वाटली.

फेरपरीक्षेत तोच प्रश्न आला. एक आधी जातो. त्याची जागा रिकामी राहते. मग शेजाऱ्याकडचाही जातो आणि त्याचा मोकळा झालेला हात त्या रिकाम्या जागी येतो. अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं. लोटन पास झाला.

घरी तार आली तेव्हा उखानं विचारलं, काय आलं होतं परीक्षेत. लोटन म्हणाला, "आठवत नही, दादा."