चाकाखालची लिंबं

उल्हासकाका कोपरकरांची ब्यूक मोटार अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होती. तिच्यात बसायचं तर आधी बूट आपटून बर्फ झाडायचा आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावरच पाय ठेवायचे. मोटारीच्या कारखान्यात जन्मभर ब्रेक तपासून रिटायर झालेला माणूस. पोटच्या पोरालाही, वेदला, त्यांनी किल्ली कधी दिली नाही. सुचित्राकाकू म्हणत, "माझ्या सवतीचे लाड बघा!"

ती ब्यूक २००६च्या जानेवारीत त्यांनी समोरच्या घरातल्या डॅरिलला द्यायची ठरवली, तेव्हा यांना ताप आला की काय, असंच काकूंना आधी वाटलं.

डॅरिल इराकच्या युद्धातून परतला तो पायात सळई घेऊन. झोप धड नाही, त्यापायी आधीच्या नोकऱ्या गेलेल्या. आता गावाबाहेरच्या बेकरीत कसंबसं काम मिळालं होतं. तिथवर बस जात नाही, आणि त्याच्या जुन्या ट्रकनं थंडीत मान टाकली. काका त्याला सोडायला जाऊ लागले. पण काकांचं ड्रायव्हिंग असं, की मागच्या सायकलवाल्यानंही वैतागून घंटी वाजवावी. डॅरिल पुन्हा उशिरा पोचला. आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नकोस, असं सुपरवायझरनं काकांच्या देखत सांगितलं. आपल्या सावधपणापायी पोराची नोकरी जाणार, हे काकांना फार लागलं.

डॅरिल ऐकेना. "मला दया नकोय, मिस्टर के."

"मग आमच्या दारातला बर्फ इतकी वर्षं कोण काढायचं? ती काय दया होती?" काकांनी त्याला गप्प केलं.

सोमवारी सकाळी काकूंनी ताम्हणात निरांजन लावलं, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. "देतोच आहोत तर रीतसर देऊ," असं म्हणून काकांनी चारही चाकांखाली एकेक लिंबू सरकवलं.

डॅरिल डबा घेऊन आला. गाडीत बसण्याआधी वाकून खाली बघायची त्याची सवय काकांनी रोज पाहिली होती. तपासनीस माणूस म्हणून त्यांना ती आवडायचीही. ती लागली कशामुळे, याचा मात्र त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

तो वाकला आणि ओरडला, "मागे व्हा!" काकूंना दंडाला धरून त्यानं अंगणाच्या टोकाला ओढत नेलं. ताम्हण बर्फात पडलं. "चाकाखाली काहीतरी ठेवलंय!"

"अरे, लिंबू आहे ते!" काका चिडून म्हणाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं: इराकमध्ये गाड्यांखाली बॉम्ब ठेवलेले असायचे. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बर्फात गुडघे टेकून बसले, चारही लिंबं काढली आणि ओंजळीत धरून त्याच्यासमोर उभे राहिले.

डॅरिलनं काकूंचा दंड सोडला आणि लिंबांकडे बघितलं. "ही कशासाठी?"

"वाटेत काही वाईट भेटू नये म्हणून," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे नव्या गाडीला ठेवतात."

"चल, मीच सोडतो तुला," काका म्हणाले.

"तुम्ही चालवलीत तर नोकरी गेलीच," डॅरिल म्हणाला. पण किल्ली घ्यायला त्याचा हात पुढे येईना. काकांनी घड्याळाकडे बघायचं टाळलं. जरा वेळानं डॅरिलनं हात पुढे केला तो लिंबांसाठी. लंगडत त्यानं गाडीला फेरी मारली, प्रत्येक चाकापाशी कण्हत वाकला आणि स्वतःच्या हातानं एकेक लिंबू ठेवलं. मग किल्ली मागितली.

काका शेजारच्या सीटवर बसले, या गाडीत पहिल्यांदाच. बूट झाडायचं दोघांनाही सुचलं नाही. लिंबं चिरडली तेव्हा डॅरिलनं डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि गाडी रस्त्याला लावली.

बेकरीच्या दारात सुपरवायझरनं घड्याळ बघितलं आणि मान हलवून त्याला आत घेतलं. काकांनी घरी फोन लावला. "वेळेवर पोचला गं!"

"देव पावला," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही कसे येणार?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. बस येत नव्हतीच, आणि किल्ली डॅरिलच्या खिशात होती. "शिफ्ट सुटली की तो आणेल मला," ते म्हणाले, आणि हातमोजे काढून त्यांनी डोळे पुसले.