घरघंटीवरचा तास

आमच्या अप्पांचा मोबाईलवर विश्वास नव्हता, अन् माझ्यावर तर त्याहून नव्हता.

अप्पा लातूरच्या एका क्लासमधी फिजिक्स शिकवायचे. समोर शंभर पोरं असली तरी मागच्या बाकावर चिवडा कोण खातंय, हे फळ्याकडं तोंड करून सांगायचे! लॉकडाऊन लागलं अन् क्लासच्या मालकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, फर्मान काढलं: शुक्रवारी प्रत्येक शिक्षकानं घरून, बाकीच्या सगळ्या शिक्षकांसमोर, दहा मिनिटं ऑनलाइन शिकवून दाखवायचं. जमलं तर नोकरी, न्हाई तर बसा घरीच.

अप्पांना तयार करायचं काम माझ्याकडं आलं. (घरात दुसरं कुणी एवढं रिकामं नव्हतं.) मी बाहेरच्या खोलीत दुसरा मोबाईल घेऊन विद्यार्थी बनायचो. नकला करायची मला लई खोड. कधी रेणापूरचा पोरगा, कधी निलंग्याची पोरगी, अन् मधीच मोठे सर: "वर्ग जिवंत पायजे, बरोबर हाय का न्हाई?"

अप्पा दचकून ताठ व्हायचे. मग डोळे बारीक करायचे.

"तूच हाईस ना रे?"

"न्हाई सर, मी कंधारचा."

"मग कंधारात आपलं कॅलेंडर कसं टांगलंय?"

तेव्हापासून मी कॅमेरा बंद ठेवू लागलो, तर संशय आणखी वाढला. "तोंड लपवून बसतंय म्हणजे नक्की काहीतरी खाऊन राहिलंय!"

शुक्रवार उजाडला. स्वयंपाकघरात उजेड चांगला, म्हणून फळा तिथं टांगला. आईच्या घरघंटीवर दोन डबे रचले अन् डब्यावर मोबाईल. लाईट सकाळीच गेली होती, दळण आत अर्धंच राहिलेलं. "बटण बंद हाय का बघ," आई म्हणाली. "बघितलं," मी म्हणालो. (बघितलं नव्हतं.)

अप्पांनी घर्षण शिकवायला घेतलं. झकास चाललं होतं. सहाव्या मिनिटाला लाईट आली अन् घरघंटी धडधडली. अप्पांनी तिच्याकडं रागानं बघितलं अन् शिकवत राहिले. पण मोबाईलवर काय दिसलं? अप्पा हालून राहिले, फळा हालून राहिला, भिंत हालून राहिली, अन् खालून गडगड! लातूरच्या माणसाला एवढं बास. त्र्याण्णवच्या भूकंपाची ती पहाट ज्यानं बघितली, त्याचे पाय आधी पळतात, डोकं नंतर येतं.

"भूकंप!" कॅमेरा बंद ठेवून बसलेले मोठे सर ओरडले. "सर, बाहेर पळा!"

"गप बस, गाढवा!" अप्पा म्हणाले.

"अहो, मी बोलून राहिलो!"

"माहीत हाय कोण बोलून राहिलंय! आठवडा झाला ऐकतोय. धड आवाजबी काढता येईना लेका तुला. सर असं रेकल्यावानी बोलतात व्हय?"

अन् मी? मी बाहेरच्या खोलीत माझ्या मोबाईलवर तास बघून राहिलो होतो. घर हालतंय, घर आपलंच, अन् आपण त्याच घरात! पायाखाली काहीच हालत न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई. "आई गंऽऽ!" करून मी बनियनवर रस्त्यावर! (अप्पांना घ्यायचं राहून गेलं.)

खिडकीतून अप्पांनी मला पळताना बघितलं. इकडं मोबाईलमधून आवाज चालूच: "सर, ऐका हो माझं!" अप्पांनी खिडकीकडं बघितलं. मोबाईलकडं बघितलं. हातातला खडू खाली पडला.

त्यांनी घरघंटी बंद केली. नांदेडच्या शाखेतले दोन सर तर लातूरचं घर हाललं म्हणून नांदेडात रस्त्यावर पळाले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसत होत्या.

"माफ करा सर," अप्पा पुटपुटले. "मला वाटलं आमचं पोरगं हाय. ते तुमचा आवाज काढतंय."

"बोलवा त्याला."

मला रस्त्यावरून धरून आणलं.

"काढ," मोठे सर म्हणाले.

मी काढला. भीतीमुळं लई हुबेहूब निघाला.

"मी असा बोलतो?"

"न्हाई सर!" सगळे शिक्षक एकदम बोलले, अन् पटापट सगळ्यांचे कॅमेरे बंद झाले.

मोठे सर अप्पांकडं वळले. मग म्हणाले, "घर हालून राहिलं तरी तुम्ही तास सोडला न्हाई. सोमवारपासून शिकवा."

सोमवारी सगळ्या शिक्षकांना तीन सूचना आल्या. मोबाईल चार्ज ठेवा. उजेडाकडं तोंड करा. तास सुरू व्हायच्या आधी घरातलं पोरगं बाहेर काढा.

लॉकडाऊनमधी बाहेर कुठं काढणार? चार वाजता आईनं मला गच्चीवर घालून कडी लावली. शेजारच्या गच्चीवर अप्पांच्याच क्लासमधल्या केमिस्ट्रीच्या सरांचं पोरगं उन्हात बसलेलं. बिचाऱ्याला मांजराचाबी आवाज काढता येत न्हाई. माझ्याकडं बघून ते दात-ओठ खाऊन राहिलं होतं.