टकटक मिस्त्रींचे चार खांब

गल्लीत त्यांना सगळे टकटक मिस्त्री म्हणत. म्हणजे तोंडावर मिस्त्री आणि पाठ वळली की टकटक. लाकूड दिसलं रे दिसलं की हा गृहस्थ हातोडीच्या दांड्याने त्यावर टकटक करणार, मान तिरकी करून ऐकणार आणि मगच तोंड उघडणार. जावयाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी दाराची चौकट वाजवून बघितली होती. बायकोने डोळे वटारले म्हणून जिना वाचला.

बाकीचे सुतार लाकूड तपासायला त्यात टोच्या खुपसतात. मिस्त्रींना त्याची चीड होती. "भोसकून कसली विचारपूस करता? लाकूड आपणहून बोलतं, तुम्हाला कान नाहीत," असं ते भर कामावर चारचौघांत सुनवायचे. लोकांनी चिडून का होईना, ते मान्य केलं होतं. घर विकत घ्यायच्या आधी दारं-जिने वाजवून बघायला माणसं त्यांनाच बोलवायची, आणि मिस्त्री 'ठीक' म्हणाले की विषय संपायचा.

मुलीच्या बागेतलं खेळघर त्यांनी सहा वर्षांपूर्वी बांधलं, नात दोन वर्षांची असताना. ती तेव्हापासूनच दिसेल त्यावर चढायची, म्हणून ती मुंगी. चार खांबांवर, मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक खोली. दोन खिडक्या, वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही असं दार, एका बाजूला शिडी आणि दुसऱ्या बाजूला घसरगुंडी. दरवर्षी पाऊस संपला की मिस्त्री येऊन ढिले स्क्रू आवळायचे, फळ्यांच्या कुसळांवर पॉलिश पेपर मारायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि शेवटी खांब वाजवायचे. खांब कुजतो तो मातीला टेकतो तिथे, म्हणून तिथेच, उकिडवं बसून. त्यांचा हिशेब सोपा होता. चार खांब एकदम कधी कुजत नाहीत. चौघांचा आवाज सारखा आला तर घर धडधाकट, एकाचा वेगळा आला तर तो आजारी.

यंदा सोमवारी त्यांनी खांब वाजवले. चारही अगदी सारखे. गुडघ्यांवर हात टेकत ते उठले आणि मुलीला म्हणाले, "रविवारच्या वाढदिवसाला दहा पोरं चढवलीस तरी बिनधास्त राहा."

शनिवारी दुपारी ते घड्याळवाल्याकडे गेले. सरस वाळायची वेळ लावायला त्यांच्याकडे एक छोटं टायमर होतं. ते वाजेनासं झालं होतं, नुसता लाल दिवा उघडमीट करायचा. सेल गेला असणार.

घड्याळवाल्याने बटण दाबलं आणि तोंड वाकडं करून लगेच बंद केलं. "सेल एकदम ठणठणीत आहे की, मिस्त्री. कान किटवतंय हे."

"वाजलं?"

"म्हणजे काय! तो समोरचा माणूससुद्धा वळून बघतोय."

मिस्त्रींनी वळून बघितलं. समोरचा माणूस खरंच इकडेच बघत होता. बहिरेपण, म्हातारपण हे त्यांच्या मनात नंतर आलं, आधी आले ते चार खांब. चारही सारखे. टायमरचा बारीक आवाज कानापर्यंत येत नसेल, तर लाकडाचा बारीक आवाज तरी कुठून येणार? खांब सारखे नसतील. आपल्यालाच सगळं सारखं ऐकू येत असेल.

ते तडक घरी गेले, पेटीच्या तळाशी गंज खात पडलेला टोच्या काढला आणि सायकल मुलीच्या घराकडे हाणली. वाटेत ते स्वतःची समजूत घालत होते. असं काही नसेल. वाढदिवस उद्या आहे. आज वर कोणी नसेल.

वर पाच जणी होत्या. मुंगी आणि तिच्या मैत्रिणी रंगीत कागदाच्या माळा बांधत धपाधप नाचत होत्या. मिस्त्रींनी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडलं तर पोरी गडबडून धावतील, म्हणून ते गप्प राहिले आणि पहिल्या खांबाशी वाकले. टोच्या जेमतेम टोकापुरता शिरला. दुसरा घट्ट. तिसराही घट्ट. चौथा घसरगुंडीखालचा. तिथे टोच्या भिजलेल्या पावात सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला.

त्यांनी तुळईखाली खांदा लावला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "पोरींनो, सगळ्यांनी खाली या. एकेक करून. पळायचं नाही."

मुंगीने खिडकीतून डोकं काढून काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलले, मागच्या दोघी हसल्या. मिस्त्रींना आवाज आला, शब्द आले नाहीत. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं. पोरं हल्ली पुटपुटतात असं ठरवून ते प्रत्येक वेळी "हो हो" म्हणून मोकळे व्हायचे, आणि सगळ्यांचं छान चालायचं. आत्ताही ते 'हो' ओठांवर आलं होतं. कशाला हो? ती काय विचारते आहे? आयुष्यभर ज्या एका गोष्टीची ऐट मिरवली, ती आता या पाच पोरींसमोर सोडून द्यायची होती, आणि विचार करायला वेळ नव्हता.

"मुंगे, मला ऐकू येत नाहीये," ते मोठ्याने म्हणाले. "तू काय बोलतेस ते मला कळत नाही गं. हाताने दाखव."

मुंगी गोंधळली. मग तिने हात लांब करून घसरगुंडी दाखवली.

"नाही! तिकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही. शिडीने ये. सगळ्या शिडीने."

पाचही जणी उतरून गवतावर उभ्या राहीपर्यंत मिस्त्रींनी खांदा काढला नाही. मग ते तिथेच मातीत बसले.

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची मुलगी धावत आली होती. ती त्यांच्यासमोर बसली, अगदी जवळ. "बाबा, कधीपासून येत नाही ऐकू?"

"माहीत नाही. वर्ष झालं असेल. मी मानतच नव्हतो." त्यांनी चौथ्या खांबात रुतलेल्या टोच्याकडे बोट केलं. "सोमवारी हाच खांब वाजवून तुला बिनधास्त राहा म्हणालो."

"जाऊ दे. कोणाला काही झालं नाही ना? वाढदिवस आपण गवतावर करू."

पण मिस्त्रींचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. वर्षभरात कुठे कुठे 'ठीक' म्हणालो? तळ्याकाठच्या म्हाताऱ्या बाईंचा जिना. सायकलवाल्याचा माळा. आणि गेल्याच महिन्यात पाळणाघराचं खेळघर. तिथे सहा खांब. सहाही सारखे. ते ताडकन उठले.

"पाळणाघर शनिवारी उघडं असतं का गं?"

"सहापर्यंत असतं."

"मग आधी फोन लाव आणि पोरांना खाली उतरवायला सांग. आत्ताच्या आत्ता."

तिने फोन लावला. ती बोलत होती तोवर मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"उतरवतायत," फोन ठेवून तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, नंतर सांगते."

"तू नको सांगू. माझ्या तोंडाने सांगायला हवं. तिथून जिन्यावाल्या बाईंकडे, मग माळ्यावर." त्यांनी टोच्या खांबातून उपसला, पँटला पुसला आणि खिशात घातला. दोन पावलं गेले आणि थांबले.

"तू पण चल," ते म्हणाले. "मी सांगेन सगळं. पण त्यावर लोक मला काय म्हणतात, ते तुझ्याकडूनच कळायचं आता."