विटेवरची बोटं

पिंपळवंडीच्या वस्तीत बुद्धविहार बांधायचं कोंडाबाईंनी मनावर घेतलं आणि त्या हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागल्या. बुद्धपौर्णिमेची वंदना नव्या भिंतींच्या आत झाली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. वीटही त्यांनीच पसंत केली, टणक आणि स्वस्त. वीटभट्टीवर चांगला पाऊण तास होत्या, पण बघितली फक्त वीट.

विटांची दुसरी ट्रॉली रिकामी होताना त्यांनी एक वीट हातात घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. विटेच्या कडेला चार बोटांचे खळगे होते. कोंडाबाईंची करंगळीसुद्धा त्यांत बसेना.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण आठव्या वर्षी त्या स्वतः भट्टीवर होत्या. ओल्या विटांवरून चालत एकेक वीट वाळायला कडेवर उलथायची, हे काम पोरांचं, कारण मोठ्यांच्या वजनानं वीट दबते. आईबापांनी आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सगळं घर भट्टीला बांधलेलं. एवढं भोगूनही आपल्याला तिथली पोरं दिसू नयेत, याबद्दल त्यांना स्वतःचीच चीड आली.

बांधकाम बघणारा पुतण्या जयवंत समजूत घालू लागला. दुसरी वीट शोधेपर्यंत पौर्णिमा निघून जाईल, म्हणाला. "आन काकू, वरनं प्लास्टर व्हणार. कुणाला दिसतंय?"

"मला दिसलंय," कोंडाबाई म्हणाल्या.

कोंडाबाई भट्टीवर गेल्या, तर भट्टीवाल्यानं हात वर केले. पोरं आईबापांबरोबर येतात, म्हणाला. पोरांचा हात थांबेपर्यंत आमची खेप बंद, असं सांगून त्या उठल्या. जुन्नरला तहसील कचेरीत जाऊन तक्रारीचा अर्ज दिला. मग ती वीट पिशवीत घालून घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या दारात गेल्या आणि खळग्यात बोट घालून बघायला लावलं. काहींनी कानाडोळा केला. तिघांनी मात्र विटा थांबवल्या.

पौर्णिमेला भिंती गुडघ्याएवढ्याच होत्या. वंदना मांडवात झाली आणि बायकांची कुरकुर कोंडाबाईंनी ऐकून घेतली. वाईट त्यांनाही वाटलंच.

आठवड्यानं भट्टीवाल्याचा निरोप आला, की आता उलथायला मोठी माणसं आहेत. जयवंत लगेच ट्रॉली जोडायला निघाला. कोंडाबाईंनी त्याला थांबवलं आणि न कळवता, ऐन उलथायच्या वेळी त्याला ट्रॉलीसकट घेऊन भट्टीवर गेल्या. ओळींमध्ये चालायला वाट सोडली होती आणि बाप्ये वाकून विटा उलथत होते. पोरं झोपड्यांपाशी खेळत होती. त्या बराच वेळ पोरांकडंच बघत राहिल्या.

भाजलेल्या नव्या विटांतली एक त्यांनी शेवटी उचलली. खळग्यात त्यांचं बोट सैल बसलं.

"भर," त्या जयवंतला म्हणाल्या. "पुढल्या खेपंलाबी मी येणार हाय."