साबिराबाईचं पायडल

आरमोरीच्या बसस्टँडमागे साबिराबाईंचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पायडलचं मशीन, कपडे ठेवायची फळी, त्या फळीवर क्रोशाचं झाकण घातलेला टेप आणि टेपाच्या दोन्ही बाजूंना विटांसारख्या रचलेल्या कॅसेटी. ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बाया माप देता देता विचारायच्या, "नवीन काय आलं, बाई?" मग साबिराबाई तोंडातली टाचणी काढून बोलायला लागायच्या.

"याच्यात दोनच गाने आहेत. बाकीचे सहा कॅसेट भरासाठी टाकले."

"गानारा चांगला आहे, पन बिचारा पेटीवाल्याले भेते."

"हे घ्या, पन लग्नात वाजवा. घरी वाजवसान तं जेवन जानार नाई."

कव्वाली असो, भीमगीत असो, सिनेमाचं असो, नाहीतर नागपूरच्या कुठल्या ऑर्केस्ट्राने काढलेलं असो, साबिराबाईंना काही वर्ज्य नव्हतं. समोरच्या मुश्ताकचं कॅसेटचं दुकान होतं. नवीन माल आला की तो आधी एक कॅसेट रस्ता ओलांडून साबिराबाईंकडे आणून द्यायचा आणि संध्याकाळी निकाल ऐकायला यायचा. त्या चांगलं म्हणाल्या की कॅसेटी पुढच्या काचेत लागायच्या. नाही म्हणाल्या की खोका काउंटरखाली. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

निकाल द्यायची त्यांची एक पद्धत होती. ती त्यांनी कोणाकडून शिकली नव्हती. गाणं सुरू झालं की त्या मशीन चालवायच्या, आणि पाय आपोआप गाण्यावर पडायला लागला तर गाणं पास. पाय अडखळला, टाका वाकडा गेला, तर नापास. "कान खोटं बोलते," त्या म्हणायच्या. "आपल्याले गानारा आवडत असंन तं कान त्याची बाजू घेते. पाय कोनाची बाजू घेत नाई."

टेप त्यांचे पती अल्ताफ यांनी आणला होता. ते आलापल्लीला लाकूड डेपोत ट्रकवर होते आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. टेप आणल्याच्या पहिल्याच वर्षी आतला पट्टा तुटला. दुरुस्तीला चंद्रपूरला न्यावा लागणार होता, आणि अल्ताफ यायला चार दिवस होते. चार दिवस गाण्याशिवाय मशीन चालवणं साबिराबाईंना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्क्रू उघडले, तुटक्या पट्ट्याचं माप घेतलं, परकराच्या इलॅस्टिकची तेवढी बारीक पट्टी कापली, टोकं जोडून बारीक शिवली आणि चाकांवर चढवून दिली. टेप वाजला. शनिवारी अल्ताफ आले तेव्हा त्यांना काही कळलंसुद्धा नाही. पुढे साबिराबाईही ते विसरल्या.

फक्त एक गोष्ट त्यांना नेहमी खटकायची. हॉटेलात, लग्नात, बसस्टँडवर, कुठेही गेल्या तरी लोक गाणी फार घाईत वाजवायचे. "काय पाठीमागं वाघ लागला यायच्या?" असं म्हणून त्या पदर कानावर घ्यायच्या. दुनियेला घाई झाली आहे, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

दोन हजार एकच्या डिसेंबरात मुश्ताक एक कॅसेट घेऊन आला, आणि या वेळी तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आपा, हे जरा नीट ऐका. आपल्या गावची पोट्टी आहे याच्यात. बापूराव मेश्राम मास्तरची संघप्रिया."

संघप्रिया चंद्रपूरला पॉलिटेक्निकला शिकत होती. तिथल्या चौघांनी मिळून एक बँड काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'सागवान'. त्यात सिनेमातलं काही नव्हतं, भजन नव्हतं, कोणाचं जुनं उचललेलं काही नव्हतं. राजदीप नावाचा मुलगा आपल्या झाडी बोलीत गाणी लिहायचा आणि विजेची गिटार वाजवायचा, एक जण मोठी गिटार, एक जण ड्रम, आणि संघप्रिया गायची. कोणत्याही कंपनीने विचारलं नाही म्हणून नागपूरला जाऊन त्यांनी स्वतःच आठ गाणी भरून आणली होती. कॅसेटीवर एसटीचं चित्र होतं आणि नाव होतं 'दुपारची गाडी'.

साबिराबाईंनी ती लावली आणि मशीनवर बसल्या. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. पाय चालेना. गाणं पुढे जायला पाहिजे तिथे रेंगाळत होतं. पोरीचा आवाज जड, झोपेतून उठल्यासारखा. ड्रम तर कोणी जिना उतरताना पायरी चुकावी तसा. त्यांनी कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली, मग पुन्हा पहिली. तीन वेळा ऐकली. ब्लाउजच्या बाहीचा टाका दोनदा उसवावा लागला.

संध्याकाळी मुश्ताक आला. "काय म्हन्ते पायडल?"

साबिराबाईंना वाईट वाटत होतं. पण बारा वर्षांत त्यांनी निकाल कधी बदलला नव्हता. "शब्द चांगले आहेत रे. धुळीचं गानं आहे, महूचे फुलं वेचाचं आहे. पन गाडी निघतच नाई. दुपारची गाडी म्हन्ते, अन् म्हैस चिखलात बसल्यावानी बसून राह्यली."

मुश्ताक हसला, मग हसायचा थांबला, आणि खोका काउंटरखाली गेला. पण म्हैस काही काउंटरखाली गेली नाही. दोन दिवसांत ती बाजारात, गिरणीवर, नळावर सगळीकडे पोचली.

पुढच्या आठवड्यात संघप्रिया आली. जानेवारीत गावाला पट भरणार होता. दिवसभर बैलांच्या शर्यती आणि रात्री मंडपात नाटक, ही दरवर्षीची रीत. पट संपून नाटक उभं राहीपर्यंत मंडप तासभर रिकामा असतो. मास्तरांनी कमिटीच्या हातापाया पडून तो तास मुलीच्या बँडसाठी मागून घेतला होता. त्या कार्यक्रमासाठी तिला कुर्ता शिवायचा होता.

साबिराबाई खांद्याचं माप घेत असताना ती म्हणाली, "चाची, म्हैस तुमीच म्हनलं ना?"

मापाची टेप हातातच राहिली. "कोनं सांगतलं तुले?"

"आमच्या होस्टेलपरेंत आली ते म्हैस."

"बेटा, मी खोटं नाई बोलत. तीन वेळा ऐकली मी."

"मी रडाले नाई आली," संघप्रिया म्हणाली. "कमिटीनं बाबाले सांगून ठेवलं आहे, अर्ध्या तासात लोक उठले तं माइक बंद. अन् लोक तुमच्याकडं पाहून उठतीन. तुमी पहिल्या रांगेत बसा. आमचं आयकून बी म्हैसच वाटली तं माइकवर येऊन सांगा. मी देईन माइक."

"मी कायले माइकवर येतो?"

"घरी बसून सांगतलं तं जिल्हाभर गेलं. तिथी सांगाले काय होते?"

साबिराबाईंनी माप वहीत लिहून घेतलं. त्यांनी कुर्ता शिवला, आणि शिवताना रोज ठरवत राहिल्या की जायचं नाही.

पटाच्या दिवशी दिवेलागणीला त्या पहिल्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक केसरबाई होत्या. चिवड्याची पुडी मांडीवर, डोळे साबिराबाईंवर. मागे सगळं गाव. बैलांनी उडवलेली धूळ अजून खाली बसली नव्हती, आणि स्टेजवर राजदीप कसल्या कसल्या तारा जोडत होता. तोपर्यंत लोकांना काहीतरी हवं म्हणून लाउडस्पीकरवाल्या दसरूने एक कॅसेट लावली.

ती साबिराबाईंची सगळ्यात लाडकी कव्वाली होती. हजार वेळा ऐकलेली. पण ती पळत होती. गाणाऱ्याचा आवाज पोऱ्यासारखा बारीक, टाळ्या एकमेकींच्या अंगावर पडताहेत. साबिराबाईंना राहवेना. त्या उठल्या आणि मंडपाच्या कडेला दसरूकडे गेल्या.

"काऊन रे दसरू, कव्वालीचा पट लावला काय? मशीन धीमी कर."

"मशीन बरोबर आहे, चाची."

"मले शिकवतो? हे कॅसेट माह्यापाशी आहे. असं नाई हे."

दसरू वीस वर्षं या धंद्यात होता. त्याने कानावरची पेन्सिल काढली, बॉक्सवर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याइथी एक बाजू किती वेळ चालते?"

साबिराबाईंना हे तोंडपाठ होतं, कारण त्या हिशेबानेच त्यांचं काम चालायचं. "एक ब्लाउज. काज-बटनासहित. पस्तीस मिनिटं."

"कॅसेट साठची आहे. दोन बाजू. तं एक बाजू कितीची?"

साबिराबाई बोटांवर मोजायला लागल्या.

"तीसची," दसरू म्हणाला. "तुमचा टेप पाच मिनिटं जास्त खाऊन राह्यला. पट्टा कधी बदलवला?"

आणि तेव्हा, बारा वर्षांनी, त्यांना ते परकराचं इलॅस्टिक आठवलं.

"पट्टा…" त्या म्हणाल्या, "पट्टा मी शिवला."

"शिवला?"

"इलॅस्टिकचा. परकराच्या."

दसरूचे खांदे हलायला लागले, आणि मग तो बॉक्सवर डोकं टेकून हसला. "बारा वर्षं! चाची, कितीतरी लोकायले तुमी परकरावर नापास केलं!"

साबिराबाईंना हसू आलं नाही. त्या जागेवर येऊन बसल्या. लग्नातली घाई, हॉटेलातली घाई, बसस्टँडवरची घाई, सगळं त्यांच्या डोक्यात उलटंपालटं होऊन बसलं. दुनिया आपल्या चालीनेच चालली होती. मागे राहिली होती ती घरची ही एक टेपाची फळी. आणि जिच्या गाण्याला म्हैस म्हटलं, ती पोरगी त्यांनीच शिवलेला कुर्ता घालून आता माइकसमोर उभी होती.

राजदीपने काठ्यांवर ताल मोजायला ड्रमवाल्याकडे मान हलवली, आणि 'दुपारची गाडी' सुरू झाली.

ती निघाली. खरंच निघाली. गिटार कर्कश नव्हती; पत्र्यावर ऊन तडतडावं तशी होती. संघप्रियाचा आवाज जड नव्हता, तर मोकळा होता, रानात दूरवरून हाक मारावी तसा. जिथे आधी पायरी चुकल्यासारखं वाटत होतं, तिथे मुद्दाम एक धक्का होता. गाडी खड्ड्यातून जाते ना, तो. मागे दोन-तीन म्हातारे ही कसली कडकड म्हणून धोतर झटकत अर्धे उठले आणि थांबले. केसरबाईंचा चिवड्याचा हात तोंडाजवळ थबकला होता. पण त्या स्टेजकडे बघत नव्हत्या. साबिराबाईंच्या पायाकडे बघत होत्या.

साबिराबाईंना ते ठाऊकच नव्हतं. त्यांचा उजवा पाय लुगड्याखाली वर-खाली, वर-खाली, सारखा चालला होता.

"पायडल सुरू झालं वं!" केसरबाई मागे वळून ओरडल्या. "बसा, बसा!"

म्हातारे बसले.

तीन गाणी झाली. चौथ्याच्या आधी संघप्रियाने समोर पाहिलं. ती घाबरलेली होती, पण बोलायची राहिली नाही. "साबिराचाची, मी म्हनलं होतं. माइक आहे."

कार्यक्रमाचा पोरखेळ होईल म्हणून मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. साबिराबाई स्टेजवर चढल्या. इतकी माणसं त्यांनी समोरून कधी पाहिली नव्हती. माइकमध्ये आधी नुसता श्वास ऐकू आला.

"या पोरीले मी म्हैस म्हनलं," त्या म्हणाल्या. "म्हैस हे नोहोय. माह्या टेपात पट्ट्याच्या जागी परकराचं इलॅस्टिक आहे. मीच टाकलं. बारा वर्षांपासून माह्या घरी सगळेच लोक धीमे गाऊन राह्यले, अन् मी तुमाले सांगत राह्यली."

सगळा मंडप हसला. बाया पदर तोंडात धरून, मास्तर खुर्चीत बसून, ड्रमवाला तर काठी पाडून.

"हसा," साबिराबाई म्हणाल्या, आणि आता त्याही हसत होत्या. "पन थांबा, अजून एक आहे. तिसऱ्या गान्याले शेवट नाई. दोन मिनिटं आधी थांबवा. अन् ड्रम जरा हळू. शब्द चांगले आहेत, ते आयकू येऊ द्या."

संघप्रियाने राजदीपकडे पाहिलं. राजदीपने मान डोलावली. "मी तं हे आधीच म्हनत होतो," तो म्हणाला, आणि ड्रमवाल्याने त्याला काठी दाखवली. लोक तास संपेपर्यंत बसले. नाटकवाले पडदा घेऊन येऊन उभे राहिले तरी दोन गाणी जास्त झाली.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकने खोका काउंटरखालून काढून पुढच्या काचेत लावला. पुढच्या शनिवारी अल्ताफ चंद्रपूरहून खरा पट्टा घेऊन आले. स्क्रू उघडल्यावर ते इलॅस्टिक हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "टाका मजबूत आहे पन," एवढंच म्हणाले.

मग साबिराबाईंचं मोठं काम सुरू झालं. भिंतीसारख्या रचलेल्या कॅसेटी एकेक काढून त्यांनी पुन्हा ऐकायला घेतल्या. रोज संध्याकाळी मुश्ताक विचारायचा, "आज कोन सुटलं, आपा?" बरेच सुटले. काही नव्याने अडकलेही. चांगले चांगले म्हणून ज्यांना बारा वर्षं वर ठेवलं, ते खऱ्या चालीवर नुसतेच धापा टाकत होते. त्यांना आता लग्नात वाजवायची शिफारस मिळाली.

एका गझलेने मात्र त्यांना अडचणीत आणलं. नव्या पट्ट्यावर ती चांगली होती, पण त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी दोनदा ऐकली, पाय थांबवून बसल्या, आणि मग बॉबिनच्या डबीतून ती इलॅस्टिकची शिवलेली पट्टी काढली.

संघप्रिया दुसऱ्या कॅसेटीची गाणी घेऊन आली तेव्हा टेप उघडा पडला होता आणि साबिराबाई चाकांवर काहीतरी चढवत होत्या.

"चाची! पुन्हा?"

"तुह्यासाठी नाई, बाप्पा," साबिराबाई म्हणाल्या. "तुह्यी मी पट्ट्यावरच आयकतो. हे एकच गानं आहे, ते परकरावरच चांगलं लागते. बस. संपलं की बदलवतो."